झेडपीची शाळा? आधी बघून तर या!

शेंद्र्याला नोकरी, करमाडला घर आणि मुलाची शाळा मात्र पार शहरात? गावातल्या सरकारी शाळेला ‘नको’ म्हणण्याआधी, आणि हो, ‘चालेल’ म्हणण्याआधीही, एक सकाळ तिथे घालवा. काय बघायचं, काय विचारायचं आणि कशाला अजिबात भुलायचं नाही, त्याचा हा हिशेब.

फ्लॅट घेताना आपण किती चौकस असतो! नळ सोडून पाण्याचा जोर बघतो, भिंतीला ओल आहे का ते हात लावून बघतो, बिल्डरच्या आधीच्या स्कीममधल्या लोकांना गाठून खोदून खोदून विचारतो. आणि मुलाची शाळा? ती बसचा रंग, टायचा रंग आणि फीचा आकडा बघून ठरते. फी जास्त म्हणजे शाळा चांगली. फुकट म्हणजे... जाऊ द्या ना!

जालना रोडवर हा प्रश्न आता घराघरात आहे. छत्रपती संभाजीनगरपासून विसेक किलोमीटरवरचं करमाड हे एके काळी रेल्वे स्टेशन आणि आजूबाजूच्या खेड्यांची बाजारपेठ म्हणून ओळखलं जायचं. मग शेजारी शेंद्रा एमआयडीसी वाढली, २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना सुरू झाला, त्यापाठोपाठ ‘ऑरिक’ची आखणी झाली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ऑरिक हॉलचं उद्घाटनही झालं. शहरातून रोज कंपनीच्या बसने येणारी तरुण मंडळी आता इकडेच घर बघू लागली आहेत. घर मिळतं, गाडी लावायला जागा मिळते, हवाही बरी असते. गाडी अडते ती एका वाक्यावर : ‘पण शाळेचं काय?’

पर्याय दोन. पाच-सहा वर्षांच्या पोराला रोज बसमध्ये बसवून शहरात पाठवायचं, किंवा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं. दुसरा पर्याय उच्चारला की सासर-माहेरकडून फोन सुरू होतात. पण ‘झेडपीची शाळा’ नावाची एकच एक गोष्ट नसते. एका गावची शाळा अफलातून असते, तीन किलोमीटरवरची रडतखडत चाललेली असते. तेव्हा प्रश्न ‘सरकारी की खासगी’ हा नाहीच. प्रश्न आहे, *ही* शाळा कशी आहे?

रंगाला भुलू नका

पहिली गोष्ट, गेटवरच ‘वॉव’ म्हणू नका. बोलक्या भिंती, रंगीत फरशी, आगगाडीच्या डब्यासारखी रंगवलेली वर्गखोली हे सगळं छानच दिसतं. त्यामागे खरी चळवळसुद्धा होती. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली, तेव्हा राज्यभरातून शिक्षक तिथे बघायला जायचे. खडे, काड्या, मण्यांच्या माळा हातात घेऊन मुलं स्वतःच गणित सोडवायची. २०१५ मध्ये सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आणला आणि ही लाट गावोगाव पोचली. पण काही ठिकाणी फक्त रंग पोचला, रीत पोचलीच नाही! फरशीवर आकडे रंगवलेले आणि मुलं मात्र ओळीत बसून फळ्यावरचं उतरवून घेताहेत, असं दिसलं तर समजून जा.

तसंच आयएसओच्या पाटीचं. मधल्या काही वर्षांत अनेक शाळांनी लोकवर्गणी काढून आयएसओ मानांकन मिळवलं. त्यामुळे दप्तर नीट लागलं, परिसर स्वच्छ झाला, गाव एकत्र आलं, हे खरं. पण ते प्रमाणपत्र व्यवस्थापनाचं आहे. तिसरीतल्या पोराला वाचता येतं की नाही, ते त्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

पट किती, समोर किती?

घरबसल्या एक काम करा. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या पोर्टलवर शाळेचं नाव शोधलं की पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, वीज, पाणी अशी सगळी कुंडली समोर येते. फक्त लक्षात ठेवा, ही माहिती शाळेनेच भरलेली असते. कुंडली बघितली तरी मुलगा बघायला जावंच लागतं!

गेलात की मोजा. हजेरीपटावर तीस नावं आणि वर्गात चौदा डोकी, तर बाकीची सोळा कुठे आहेत? हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे ते आठवा. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली आणि कागदावरच्या मुलांचा मोठा बोभाटा झाला. त्यात खासगी अनुदानित संस्थाही होत्या, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

मात्र गैरहजेरीचं कारणही विचारा. मराठवाड्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतात, कापूस वेचणीचे दिवस असतात. चांगल्या शाळेतले गुरुजी कोणाचं पोर कुठे गेलंय आणि कधी येणार, हे बोटांवर सांगतात. ‘येतच नाहीत हो, काय करणार’ असं उत्तर आलं, की पुढचं ओळखा.

जरा वाचून दाखवतोस?

आता मुद्द्याचं. शाळा कशासाठी असते? पोरांना वाचता, लिहिता, हिशेब करता यावा, डोकं चालवता यावं म्हणून. ते तपासायला शिक्षणतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ पाहणी करते. तिची चाचणी इतकी साधी आहे की ती गावातली कॉलेजची पोरंही घेऊ शकतात. अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात आकडे ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागणं. बस्स!

आणि निकाल? २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी होती फक्त २३.४ टक्के. पाचवीत ४४.८ टक्के. दचकलात? थोडं थांबा. कोविडनंतरच्या २०२२ च्या पाहणीत तिसरीचा हा आकडा १६.३ टक्के होता, म्हणजे गाडी वर चढते आहे. आणि त्याच २०२२ मध्ये खासगी शाळांचा आकडा होता ३३.१ टक्के. फी भरूनही तिघांतल्या एकालाच गोष्ट वाचता येत होती! त्यातही खासगीतल्या मुलांच्या घरी शिकलेले आईबाप, संध्याकाळची ट्यूशन आणि पुस्तकं असण्याची शक्यता जास्त. म्हणजे वरचा सगळा फरक शाळेचाच असतो असंही नाही.

त्यामुळे मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि तिसरीतल्या दोन-तीन मुलांना गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायला सांगा. परीक्षा घेतल्यासारखं नको, गप्पा मारत. पुढच्या बाकावरचा हुशार गणपती तर तुमच्यापुढे आणला जाईलच. तुम्ही मागच्या रांगेतल्या मुलीला विचारा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’चं तिसरीसाठीचं उद्दिष्ट आहे मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. वाचून झालं की ‘मग त्या कोल्ह्याने असं का केलं असेल?’ असं विचारा. घडाघडा वाचणारं पोर इथे गप्प झालं, तर वाचन झालं, समजणं राहिलं.

आणखी एक. ज्या मुलांच्या घरी मराठी बोललीच जात नाही, कारण आईबाप कामाच्या शोधात परराज्यातून आलेत, त्यांना वर्षभरात शाळेने कुठून कुठवर आणलं, तेही विचारा. नव्वद टक्के आधीच येत असलेल्या मुलाला ब्याण्णववर नेणं सोपं. शून्यातून साठवर नेणारी शाळा जास्त ताकदीची!

गुरुजी किती आणि किती दिवस?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे छोट्या गावात दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता! शहरी मनाला धक्का बसतो, पण द्विशिक्षकी शाळा वाईटच असते असं नाही. बघायचं एवढंच की गुरुजी चौथीला शिकवत असताना दुसरीतली मुलं काय करताहेत. गटात बसून शब्दपट्ट्या लावताहेत, की ‘हाताची घडी तोंडावर बोट’? शाळेचा अर्धा निकाल इथेच लागतो.

मग विचारा, मंजूर पदं किती, भरलेली किती? मॅडम किती वर्षं इथे आहेत? बदल्या कधी झाल्या? झेडपीची उत्तम शाळा कित्येकदा एका धडपड्या शिक्षकाच्या जिवावर उभी असते आणि त्यांची बदली झाली की दोन वर्षांत बसते. त्यात निवडणुकीचं काम, जनगणना, वरून आलेले ऑनलाइन रकाने. या कामांत वर्गाचे किती दिवस गेले, हे शिक्षक स्वतःच मोकळेपणाने सांगतील. ऐकून घ्या, कारण हा दोष त्यांचा नाही.

खिचडी आणि कुलूप

दुपारच्या सुट्टीत थांबा. पोषण आहारासाठी पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा मापदंड आहे. तुम्ही वजनकाटा नेऊ नका, फक्त ताटात डाळ दिसते का बघा. जेवण वाढण्याआधी कोणीतरी मोठ्याने चाखायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं असतं. ती वही मागा. आजची नोंद आहे, की गेल्या महिन्यापासून पानं कोरी?

आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का ते बघाच. यू-डायसवर ‘आहे’ लिहिलेलं असतं. पण पाणी नाही म्हणून बंद, किंवा फक्त पाहुण्यांसाठी उघडं, असं असेल तर सहावी-सातवीतली मुलगी दिवसभर पाणी न पिता बसते. कधी कधी ती शाळाच सोडते.

गाडीवाटची पोरं जपानी बोलतात!

ही सगळी तपासणी वाचून वाटेल की हाती निराशाच लागणार. तर आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या गाडीवाटच्या झेडपी शाळेने २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, परदेशी भाषा शिकायची तर कुठली? बहुतेकांनी सांगितलं, जपानी! कारण? रोबोटिक्स आणि टेक्नॉलॉजी. पुस्तकं नव्हती, शिकवणारं कोणी नव्हतं. शहरातल्या एका जाणकाराने २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फुकट ऑनलाइन वर्ग सुरू केले. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही त्यांचं काय? ज्याच्याकडे आहे तो ‘विषयमित्र’ झाला आणि शेजारच्या पोरांना शिकवू लागला. देशभरातल्या पेपरांत ही बातमी आली.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली.

मथळे बाजूला ठेवा. गाडीवाटची खरी परीक्षा जपानी ही नाहीच. मुलांना *विचारलं* गेलं, आणि त्यांनी मागितलेली अवघड गोष्ट शाळेने मनावर घेतली, ही खरी गुणवत्ता. तुमच्या गावच्या शाळेत हाच प्रश्न विचारून बघा : ‘गेल्या वर्षी मुलांनी काय मागितलं आणि तुम्ही काय केलंत?’

तुमचं मत मोजलं जातं

आता ती गोष्ट, जी कुठल्याच महागड्या शाळेच्या ब्रोशरमध्ये नसते. झेडपीच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा, निधीचा खर्च, शिक्षकांची हजेरी हे सगळं तिच्यासमोर येतं. पण त्या खुर्चीत बसायला आपलं मूल त्या शाळेत असावं लागतं!

इथेच खरी गोम आहे. ज्यांना अर्ज लिहिता येतो, गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभं राहून बोलता येतं, त्यांची मुलं निघून गेली की समितीत उरतात रोजंदारी बुडवून बैठकीला येऊ न शकणारे आईबाप. मग सह्या घरपोच होतात. शाळा घसरते, आणि आपण बसच्या खिडकीतून म्हणतो, ‘बघा, म्हणूनच नाही घातलं!’

म्हणून तुमच्या पोराला प्रयोगात ढकला, असं अजिबात नाही. वाचन कच्चं, शिक्षक अर्धे, कुलूप बंद असं दिसलं तर सरळ दुसरी शाळा बघा. मूल पुन्हा पहिलीत जात नसतं. पण हीच फूटपट्टी त्या टायवाल्या शाळेलाही लावा. तिसरीतल्या मागच्या बाकावरच्या मुलीला तिथेही वाचू द्या. वर्गात बसून बघू देत नाहीत? मग फी नेमकी कशाची भरताय?

खिशात ठेवा

• शनिवारची सकाळची शाळा गाठा. परिपाठापासून थांबा. आधी मुख्याध्यापकांना फोन करा, मुलांचे फोटो काढू नका.
• हजेरीपट आणि समोरची मुलं : दोन्ही मोजा.
• तिसरीतल्या तिघांना गोष्ट, पाचवीतल्या तिघांना भागाकार.
• वह्या उघडा. लाल पेनने नुसतं ‘बरोबर’ आहे, की चूक कुठे झाली तेही लिहिलंय?
• वाचनालयाची पुस्तकं फाटलेली आहेत का? फाटलेली असली तर उत्तम, कोणीतरी वाचतंय!
• मंजूर पदं, रिकामी पदं, बदल्या.
• चव नोंदवही, पाणी, मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे.
• समितीची शेवटची बैठक कधी झाली? इतिवृत्त दाखवतात का?
• चौकातल्या टपरीवर विचारा : ‘गुरुजी किती वाजता येतात?’ सगळ्यात खरा अहवाल इथेच मिळतो.
• आणि शेवटी, एका पोराला विचारा, ‘उद्या सुट्टी दिली तर?’ तोंड पडलं, तर शाळा चांगली आहे!