एका पांघरुणाखालचे पुढारी

पुढारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? व्यासपीठ, गळ्यात हार आणि मागेपुढे धावणारी माणसे. जामखेडच्या पुढारीणी घडल्या त्या मात्र जमिनीवर, एका मोठ्या पांघरुणाखाली.

गोष्ट १९७०च्या दशकातली. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातला जामखेड तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख. आसपासच्या खेड्यांतून काही बायका दर आठवड्याला जामखेडला शिकायला येत. बहुतेकींना अक्षर ओळखीचे नव्हते. कोणी वरच्या जातीची, कोणी दलित. एकीने भरलेले पाणी दुसरीने प्यायचे नाही, ही गावाकडची रीत. मग रात्री एका खोलीत झोपायचे कसे? शिकवणाऱ्यांनी वेगवेगळी पांघरुणे दिलीच नाहीत. बरीचशी जोडून एकच भले मोठे पांघरूण शिवले. थंडी वाजली की सगळ्यांनी त्यातच शिरायचे!

हे शिकवणारे म्हणजे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात दोघांचे शिक्षण झाले. १९६०मध्ये लग्न झाले आणि त्यानंतर वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काम केले. तिथे त्यांना एक गोष्ट सतत खुपत राहिली. आज बरे करून घरी पाठवलेले मूल थोड्याच दिवसांत तेच दुखणे घेऊन परत येई. कारण दुखण्याचे मूळ दवाखान्यात नव्हते. ते गढूळ पाण्यात, रिकाम्या पोटात आणि जातीच्या उतरंडीत होते. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून दोघे परतले आणि १९७०मध्ये जामखेडला त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, ही कथा ख्रिस्ती घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. गुरूने पाय धुवायचे आणि शिष्यांनी एकमेकांशी तसेच वागायचे! ऐकायला गोड वाटते, पण पदवीधर डॉक्टरने हे नेमके करायचे कसे?

आरोळे दांपत्याने केले ते असे. आधी त्यांनी गावोगावी परिचारिका ठेवून पाहिल्या. पण बाहेरून आलेल्या तरुण मुलींना गावात एकटे राहणे अवघड जाई आणि गावकरीही त्यांना आपले मानत नसत. मग गावातल्याच बाईला शिकवायचे ठरले. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोग आणि क्षय ओळखणे असे सगळे तिला शिकवले. त्याआधी तिला चारचौघांत मान वर करून बोलायला शिकवावे लागले. जन्मभर जिला 'तुला काय कळतं?' असेच ऐकावे लागले, तिच्या बाबतीत हा धडा औषधांच्या नावांपेक्षा कितीतरी अवघड होता.

आपले ज्ञान असे वाटून टाकणे शिकल्यासवरल्या माणसांना सहजासहजी रुचत नाही. अडाणी बाई बाळंतपण करू लागली, तर आपली किंमत ती काय उरली, असे सुरुवातीला प्रकल्पातल्या प्रशिक्षितांनाही वाटले. खरे सांगायचे तर आपल्यापैकी कोणालाही तसेच वाटले असते.

पाणी आणि व्हॉलीबॉल

१९७२च्या दुष्काळात कूपनलिका खोदायची वेळ आली. हापसे दलित वस्तीजवळ बसतील, हे आरोळ्यांनी मुद्दाम पाहिले. ज्यांना विहिरीला शिवू देत नव्हते, त्यांच्याच दारी सवर्णांच्या घागरी येऊ लागल्या. तरुणांना एकत्र आणले ते व्हॉलीबॉलने. चेंडू झेलताना तो कोणी मारला, हे विचारायला सवड कोणाला असते? खेळानंतरच्या गप्पांतून पुढे शेतकरी मंडळे उभी राहिली. यात कोठेही धर्मांतराची अट नव्हती. डॉक्टरांची श्रद्धा त्यांच्या वागण्यातून दिसत होती.

१९७१मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ पहिला वाढदिवस पाहत नसत. १९९०च्या दशकात हा आकडा तिसाच्या आत आला. १९७९मध्ये पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९०मध्ये पद्मभूषण. पण मला अधिक मोलाचे वाटते ते हे, की जामखेडच्या या आरोग्यसेविका पुढे परदेशांतून आलेल्या डॉक्टरांनाही शिकवू लागल्या.

डॉ. मेबल १९९९मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११मध्ये. संस्थापक गेले की संस्था खिळखिळी होते, हे आपण किती ठिकाणी पाहतो! इथे पुढच्या पिढीने काम हाती घेतले. शिवाय ते काम खेड्याखेड्यांतल्या बायकांच्या हाती आधीच पोचले होते.

२००५नंतर सरकारने देशभर 'आशा' नेमल्या. गावातलीच बाई, गावातल्यांसाठी, ही कल्पना जामखेडला जवळची. पण आशाताईच्या हाती नोंदवह्यांचा ढीग, कामागणिक ठरलेला मोबदला आणि तोही वेळेवर मिळावा म्हणून मोर्चे. तिला शिकवायला येणारे साहेब तिच्या शेजारी सतरंजीवर बसतात का, हे एकदा आपल्या गावच्या आशाताईलाच विचारून पाहावे.