जुन्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट : बिघाड आणि त्याचे निदान

उत्तर भारतात भाताची कापणी संपल्यापासून गव्हाची वेळेवर पेरणी उरकेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरणी लांबली की दाणा भरण्याच्या काळातच उन्हाचा ताप वाढतो आणि उतारा घटतो. दख्खनच्या काळ्या जमिनीतील वाफसाही फार दिवस थांबत नाही. नेमक्या अशा वेळी जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन सुरळीत चालू असते, चाके फिरत असतात, पण मागचा नांगर काही केल्या उचलला जात नाही. लिफ्ट निकामी झालेला ट्रॅक्टर ट्रॉली ओढू शकतो. नांगरणी-पेरणीच्या कामाला मात्र तो निरुपयोगी ठरतो.

हा प्रश्न केवळ एका यंत्राचा नाही. देशातील सरासरी धारण क्षेत्र १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.०८ हेक्टरवर आले आणि अल्प व अत्यल्प भूधारकांचे प्रमाण ८६ टक्क्यांवर पोहोचले. एवढ्या जमिनीवर नव्या ट्रॅक्टरचा खर्च निघणे कठीण असते. त्यामुळे अनेक लहान शेतकरी भाड्याने काम करून घेतात किंवा दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा ट्रॅक्टर विकत घेतात. यांत्रिकीकरणाची चर्चा बहुधा ट्रॅक्टरांच्या विक्रीच्या आकड्यांपाशी थांबते. विकलेला ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षांनी कोणत्या अवस्थेत आहे, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

लिफ्टची रचना

ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडण्याची त्रिबिंदू जोडणी आणि ते तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत यांचा मेळ आयरिश अभियंता हॅरी फर्ग्युसन याने घातला. १९३९ मध्ये अमेरिकेत आलेल्या फोर्ड ९एन या ट्रॅक्टरमुळे ही पद्धत सर्वदूर पसरली आणि आज जगभरातील ट्रॅक्टर तिच्याच धर्तीवर बांधले जातात.

तिच्यामागील तत्त्व पास्कलचे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो. समजा, पंपाने तेलाचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर १५० किलोग्रॅमपर्यंत नेला आणि लिफ्टच्या सिलिंडरमधील पिस्टनचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर आहे. तर पिस्टनवर साडेसात हजार किलोग्रॅमचा जोर येतो. पिस्टन थोडेच अंतर सरकतो, तर उचलणाऱ्या भुजांची टोके पुष्कळ वर जातात. म्हणून तरफेच्या नियमाने प्रत्यक्ष उचलला जाणारा भार याच्या काही अंशच असतो. तरीही नांगरासह त्याला चिकटलेली माती उचलण्यास तो पुरेसा होतो.

तेलाचा प्रवास असा : टाकीतून, म्हणजे बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स व मागील धुरीच्या पेटीतून, ते गाळणीमार्गे पंपात जाते. तेथून नियंत्रण झडपेच्या तब्यात सिलिंडरकडे पोहोचते. दाब मर्यादेबाहेर गेल्यास रिलीफ व्हॉल्व्ह ही सुरक्षा झडप उघडून तेल टाकीत परत सोडते. बिघाड या साखळीतील कोणत्या कडीत आहे, हे ओळखणे म्हणजेच निदान.

लक्षणांवरून निदान

लिफ्ट चालेना की मिस्त्री थेट वरचे झाकण उघडण्यास सुचवतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. झाकण उघडले की तेल काढणे, गॅस्केट बदलणे आणि दिवसाची मजुरी हा खर्च ठरलेलाच. वस्तुतः तपासणी बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे गेली पाहिजे.

प्रथम तेल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून डिपस्टिकवर पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. बहुधा गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटल्याने पावसाचे पाणी आत गेलेले असते. तेलावर फेस असेल तर पंप कुठूनतरी हवा ओढत आहे. त्यानंतर गाळणी. वर्षानुवर्षे न धुतलेल्या गाळणीवर लोखंडी कीस आणि काळा गाळ साचतो, पंपाला तेल कमी पडते आणि तो किरकिर आवाज करू लागतो. अनेक ‘बिघडलेल्या’ पंपांचा दोष गाळणी धुतल्यावर नाहीसा होतो.

दांड्यांची गोष्टही अशीच साधी आहे. जुन्या फर्ग्युसन धर्तीच्या ट्रॅक्टरांत पंप पेटीच्या आत असतो आणि पीटीओच्या शाफ्टवरून फिरतो. पीटीओचा दांडा सुटा राहिला तर पंप फिरतच नाही आणि लिफ्ट मेल्यासारखी वाटते. दुसऱ्याकडून घेतलेल्या ट्रॅक्टरवर नवख्या चालकाची येथे हमखास फसगत होते. नांगराची खोली ओढीनुसार राखणारा दांडा आणि अवजाराची उंची ठरवणारा दांडा यांची अदलाबदल झाली, अथवा वरच्या दुव्याची ओढ जाणणारी स्प्रिंग गंजून अडकली, तरीही लिफ्ट मनमानी करते.

एवढे करूनही दोष राहिला तर लक्षणे बोलू लागतात. भुजा रिकाम्याही उचलल्या जात नसतील तर पंपाला तेल किंवा गती मिळत नाही, अथवा एखादी झडप उघडीच अडकली आहे. रिकाम्या उचलल्या जातात पण अवजारासह नाही, याचा अर्थ तेल पोहोचते, दाब मात्र तयार होत नाही : पंप झिजला आहे, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा पिस्टनची ओ-रिंग फाटली आहे. सकाळी चांगली चालणारी लिफ्ट दुपारी मंदावत असेल तर संशय झिजलेल्या पंपाकडे जातो, कारण तापून पातळ झालेले तेल वाढलेल्या फटींतून मागे निसटते.

अवजार वर जाते पण थोडे खाली येऊन पुन्हा उचलले जाते आणि अशा डुलक्या घेत राहते, तेव्हा पंप निर्दोष असून गळती सिलिंडरच्या बाजूला असते. ती ओळखण्यासाठी अवजार उचलून इंजिन बंद करावे, उंचीची खूण करावी आणि ते किती वेगाने खाली येते हे दुरूनच पाहावे. ट्रॅक्टरच्या अधिकृत चाचणीतही उचललेला भार अर्ध्या तासात किती खाली आला याची नोंद घेतली जाते. शेतकऱ्याची खूण ही तिचीच घरगुती आवृत्ती.

शंका उरल्यास दाबमापक लावावा. दाब पुरेसा असूनही भुजा हलत नसतील तर पंपाला हात लावण्याचे कारण नाही. दोष सिलिंडरमध्ये वा जाम झालेल्या भुजांच्या शाफ्टमध्ये शोधावा. दाब कमी असेल तरच पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह यांची पाळी येते. रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग अंदाजाने आवळून दाब वाढवण्याचा उपाय गावोगाव चालतो. तो घातक आहे. त्याने सिलिंडर वा झाकण तडकू शकते.

या सर्व कामांत उचललेल्या अवजाराखाली कोणीही जाऊ नये. ते केवळ तेलावर तोललेले असते आणि ओ-रिंग पूर्वसूचना देऊन फाटत नाही. खाली काम करणे अटळ असेल तर भक्कम लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा. नळीची बारीक गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालील तेलाची केसाएवढी धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

सुटे भाग आणि प्रशिक्षण

एचएमटीने १९७१ मध्ये झेटॉरच्या सहकार्याने ट्रॅक्टरनिर्मिती सुरू केली. हरियाणातील पिंजोर येथील हा विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. अशा बंद पडलेल्या निर्मितीच्या ट्रॅक्टरांना सुटे भाग शोधावे लागतात, आणि चुकीच्या मापाची ओ-रिंग एका हंगामातच पुन्हा फाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पंप व इतर अनेक सुटे भाग यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्यासाठी यातील दुसरी सवलत अधिक मोलाची आहे.

मध्य प्रदेशातील बुधनी, हरियाणातील हिस्सार, आंध्र प्रदेशातील गार्लादिन्ने आणि आसाममधील विश्वनाथ चारियाली येथील केंद्रीय संस्थांत कृषी यंत्रांच्या चाचणीबरोबरच देखभाल-दुरुस्तीचे प्रशिक्षण दिले जाते. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून भाड्याने यंत्रे देणारी केंद्रे उभी राहिली. या केंद्रांतील एकच ट्रॅक्टर हंगामात अनेक शेतकऱ्यांच्या बांधावर जातो. तेथे गाळणी वेळेवर धुणारा आणि दाबमापक लावता येणारा एक माणूस असला, तर ऐन पेरणीत त्या साऱ्यांचा खोळंबा टळतो.