समदुःखाची मात्रा

जून महिन्यात वसतिगृह उघडले की पहिला आठवडा आम्हां शिक्षकांच्या कसोटीचा असतो. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडून आलेली पाचवीची मुले दिवसभर रमतात. रात्री दिवे मालवले की पांघरुणाखालून हुंदके ऐकू येतात. आम्ही जवळ बसतो, समजावतो, घरी फोन लावून देतो. तरी हुंदके थांबत नाहीत. मग सहावीतला एखादा मुलगा आपले अंथरूण शेजारी ओढतो आणि म्हणतो, "मी बी गेल्या साली लई रडलो. पंचमीच्या सुट्टीपर्यंत." थोड्याच वेळात दोघेही झोपी जातात. आमच्या पदव्यांना जे साधत नाही ते या मुलाला कसे साधते?

जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान यांनी 1790 मध्ये हिवतापावरील सिंकोनाची साल निरोगी असताना स्वतः घेऊन पाहिली. तापासारखीच लक्षणे जाणवल्याचे त्यांनी नोंदवले आणि 1796 मध्ये 'समानाने समानाचे शमन होते' हे तत्त्व मांडले. औषधशास्त्र म्हणून हे तत्त्व विज्ञानाच्या कसोटीला उतरलेले नाही. आजारी मुलाला आम्ही डॉक्टरांकडेच नेतो. परंतु मनाच्या जखमेविषयी विचार करताना हे रूपक उपयोगी पडते.

1935 मध्ये अमेरिकेतील अॅक्रन शहरात बिल विल्सन हे शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. दोघेही दारूच्या आहारी गेलेले. एका मद्यपीने दुसऱ्याला आपली कहाणी सांगितली आणि 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. आपल्याकडे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले अनेक रुग्णमित्रच पुढे कार्यकर्ते झाले. नव्या रुग्णाची लबाडी ते ओळखतात, कारण ती त्यांनी स्वतः केलेली असते. आणि सुटका शक्य आहे याचा पुरावाही तेच असतात.

तथागतांनी हे फार पूर्वी जाणले होते. मृत बालक कडेवर घेऊन आलेल्या किसा गोतमीला त्यांनी प्रथम उपदेश केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले. दारोदार तिने इतरांचे दुःख ऐकले आणि तिचे दुःख एकाकी उरले नाही.

समाजाच्या जखमेलाही हाच न्याय लागू पडतो. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क बोर्डिंग सुरू करणारे राजर्षी शाहू महाराज 21 व 22 मार्च 1920 रोजी भरलेल्या माणगाव परिषदेला आले, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांच्या रूपाने तुम्हांला तुमच्यातलाच पुढारी लाभला, असे त्यांनी आनंदाने सांगितले. राजाची सहानुभूती मोलाची होती. पण तीच यातना भोगून ताठ उभा राहिलेला माणूस डोळ्यांसमोर असणे, हे बळ निराळे होते.

काही वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी सुट्टीहून परतली ती अबोल होऊन. गावच्या एका लग्नात तिला पंगतीतून उठवले होते. दोन दिवस ती जेवली नाही. आमचे संविधानावरील सारे धडे तिथे अपुरे पडले. आमची एक माजी विद्यार्थिनी, आता परिचारिका असलेली, भेटीस आली होती. तिने आपल्यावर गुदरलेला तसाच प्रसंग सांगितला, ताट वाढून घेतले आणि म्हणाली, "ताई, आधी जेवू. मग त्यांना काय विचारायचं ते ठरवू." मुलगी जेवली. पुढच्या वर्षी तीच दुसऱ्या एका मुलीशेजारी बसलेली आम्ही पाहिली.

येथे मात्रेचे भान मात्र हवे. हानेमान अल्प मात्रेचा आग्रह धरीत. समदुःखी मित्रानेही आपली कहाणी थोडीच सांगावी, अधिक ऐकावे. ज्याची स्वतःची जखम अजून ओली आहे, त्याच्यावर दुसऱ्याचा भार टाकू नये. दोन ओल्या जखमा एकमेकींना चिघळवितात. आणि एखादे मूल जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर ते गुपित मैत्रीखातर जपू नये. त्याच क्षणी आम्हांला उठवावे. तेथे शिक्षक, पालक आणि डॉक्टर यांचीच गरज असते.

मग आमचे काम कोणते? दोन मुलांची अंथरुणे शेजारी येतील एवढी जागा ठेवणे, आणि दाराबाहेर जागे राहणे.