मुठीत मावणारे इंजिन

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. हा इंजिनावर काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण मी सावेडीत राहतो, आणि नगरच्या माणसाला इंजिन परके नाही. कायनेटिकची लूना 1972 पासून याच शहरात तयार होऊ लागली. तिचे पन्नास सीसीचे इंजिन सुट्टीच्या दिवशी अंगणात उघडून बसलेली माणसे आपण पाहिली आहेत. आज मला सांगायचे आहे ते त्याहूनही लहान, घरी हाताने घडवलेल्या इंजिनांविषयी.

जगात हा छंद जुना आहे. लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी 1898 साली ‘मॉडेल इंजिनियर’ हे त्याला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. आपल्याकडे पुण्यात भाऊ जोशी यांनी छोट्या रेल्वेचा छंद आयुष्यभर जोपासला. कोथरूडमधले त्यांचे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झाले. या गाड्या विजेवर धावतात. खऱ्या वाफेवर काही चालवायचे म्हटले, की वेगळेच कोडे समोर येते.

त्यातले सर्वांत सोपे यंत्र आपण जत्रेत, उरसात पाहिलेले असते. पाण्याच्या परातीत फटफट करत फिरणारी पत्र्याची बोट! 1891 साली थॉमस पियो यांनी तिचे पेटंट घेतले. बोटीच्या पोटात एक चपटी डबी असते. तिच्यातून निघालेल्या नळ्या मागच्या बाजूला पाण्यात उतरतात. डबीत पाणी भरून खाली दिवा लावायचा. वाफ झाली की ती नळीतले पाणी मागे ढकलते आणि बोट पुढे सरकते. वाफ नळीच्या गार भागात पोचली की तिचे पुन्हा पाणी होते, आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. मग बोट मागे का येत नाही? कारण बाहेर जाणारे पाणी एका सरळ धारेत जाते, आत येणारे मात्र नळीच्या तोंडाभोवती सगळ्या बाजूंनी गोळा होते. म्हणून पुढचा धक्का शिल्लक राहतो.

पुढची पायरी म्हणजे डुलणारे इंजिन. पितळेच्या नळीचा सिलिंडर, त्यात दट्ट्या, दट्ट्याचा दांडा थेट चाकाच्या खुंटीला जोडलेला. चाक फिरले की सिलिंडरच डावी-उजवीकडे डुलतो. त्याला एक भोक, मागच्या पट्टीला दोन. डुलताना भोक एकदा वाफ आत घेणाऱ्या वाटेसमोर येते, एकदा बाहेर सोडणाऱ्या. वेगळा व्हॉल्व्ह लागतच नाही. मात्र सिलिंडर आणि पट्टी एकमेकांवर सपाट बसली पाहिजेत. केसाच्या जाडीएवढी फट राहिली तरी वाफ तिथूनच निसटते. म्हणून कानस आणि पॉलिश कागद घेऊन तासन् तास घासत बसावे लागते.

मोठ्या इंजिनाची मापे दहापट कमी केली की छोटे इंजिन तयार होईल, असे वाटते. तसे होत नाही. लांबी एक दशांश झाली की पृष्ठभाग एक शतांश होतो, पण आतली जागा एक सहस्रांश. म्हणजे आतल्या तेवढ्याच वाफेला गार करणारी भिंत दहापट पडते. वाफ वाटेतच थिजते, आणि किंचित घर्षणही जड जाते. गझलेतला शेर म्हणजे आखूड केलेली दीर्घ कविता नसते. दोन ओळींचे कायदे वेगळे असतात. इंजिनाचेही तसेच आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. बॉयलर हे खेळणे नाही. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सोळाशे पट जागा मागते. बंद डबा, साधा डाख आणि खाली जाळ, हा अपघाताचा रस्ता. पहिले इंजिन सायकलच्या पंपाने, हवेवर चालवावे. वाफेकडे जायचे तर जाणत्याच्या देखरेखीखाली, चांदीचा डाख आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला बॉयलर घेऊनच.

आमच्या एमआयडीसीत लेथवर हात बसलेली कितीतरी माणसे आहेत. पण त्यांचा दिवस दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे काम करण्यात जातो. आपल्या मनातली वस्तू घडवायला सवड मिळत नाही, आणि या कसबाला कला म्हणायला आपण तयार नसतो. दुसरीकडे आमची मुले पिस्टनची सुबक आकृती काढून गुण मिळवतात. पिस्टन हातात कधीच घेत नाहीत. या दोघांना एका टेबलाशी बसवायला एक सुट्टी पुरेशी आहे. कारागिराला शागीर्द मिळेल, आणि मुलाला कळेल की ‘जवळजवळ बसले’ आणि ‘बसले’ यांत किती अंतर असते.

लूना 2024 साली विजेवर परतली. मग आता वाफेचे काय काम, असे कुणी विचारील. पण चंद्रपूरला, कोराडीला आजही कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरवून वीज काढतात. आपण बटण दाबतो आणि दिवा लागतो. मधले सगळे भिंतीआड राहते. उष्णतेची गती होताना डोळ्यांनी पाहायची असेल, तर तळहाताएवढे इंजिन पुरते. पितळेचा तुकडा भंगारात मिळतो, कानस शेजारी मागता येते. वेळ तेवढा आपला द्यावा लागतो.