देवाच्या नावाचा जमाखर्च



धर्माने माणसाचं भलं जास्त झालं की वाईट, हा वाद पारावर नेहमीच रंगतो. एक म्हणतो, धर्म नसता तर माणूस जनावर झाला असता. दुसरा म्हणतो, धर्मापायीच माणसं जनावरासारखी वागली. दोघेही तावातावाने बोलतात आणि चहा संपला की उठून जातात. निकाल काही लागत नाही. लागणार तरी कसा? साऱ्या जगाचा सातबारा एका पारावर कोण तपासणार?

आम्हा शेतीखात्यातल्या माणसांची सवय जरा वेगळी. एखादं वाण चांगलं की वाईट, हे आम्ही पिशवीवरच्या चित्रावरून ठरवत नाही. एकरी खर्च किती आला, उत्पन्न किती निघालं आणि जमीन सुधारली की बिघडली, एवढंच विचारतो. हाच हिशोब आपल्या महाराष्ट्रापुरता लावून बघू.

जमेची बाजू

आधी देवराई घ्या. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात जुनी झाडी कुठे उभी दिसली, तर ती बऱ्याचदा देवाच्या नावाने राखलेली असते. तिथली काडी मोडायची नाही, असा दंडक. ना रखवालदार, ना तारेचं कुंपण. गावाचा बारमाही झरा पुष्कळदा त्याच झाडीतून निघतो. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शिकलेल्या लोकांना त्यांचं मोल कळलं. गावाने मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं होतं.

दुसरं उदाहरण राळेगणसिद्धीचं. पारनेर तालुक्यातल्या या अवर्षणग्रस्त गावाच्या कामाची सुरुवात १९७५ साली अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून केली. देवळात माणसं जमू लागली, दारू बंद करायचं तिथे ठरलं आणि मग श्रमदानातून पाणी अडवण्याची कामं उभी राहिली. बांधबंदिस्तीचं महत्त्व सरकारी पत्रक वाचून जेवढं पटत नाही, तेवढं देवळातल्या शब्दाने पटलं.

गाडगेबाबांचं तर काय सांगावं! कीर्तनाच्या आधी हातात खराटा. नवसाला बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हेच त्यांचं सांगणं. त्यांच्याच नावाने राज्य सरकारने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडी गावात १९८० पासून मशिदीत गणपती बसतो. माणसं जोडण्याची ताकद धर्मात आहे, याला आणखी पुरावा नको.

खर्चाची बाजू

आता वहीचं दुसरं पान बघा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी पाणी प्याले. ज्या तळ्यावर जनावरं पाणी पीत, ते माणसांच्या स्पर्शाने बाटलं म्हणून सनातन्यांनी शेण-गोमूत्राने शुद्ध करून घेतलं. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं.

जुन्या गोष्टी म्हणून सोडून देऊ नका. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक चेंगराचेंगरीत गेले. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि बेसुमार गर्दी. श्रद्धेने माणसं मारली नाहीत, पण श्रद्धेच्या नावाखाली सोयींकडे काणाडोळा झाला.

आणि कर्जाचं काय? नवस, जागरण-गोंधळ, गावजेवण यासाठी सोसायटी कर्ज देत नाही. मग पीककर्जाचा पैसा तिकडे वळतो. युरियाचा दुसरा हप्ता चुकतो, उतारा घटतो, सोसायटी थकते आणि सावकाराची पायरी चढावी लागते. देवाने जेवणावळ मागितली नव्हती. मागितली ती भावकीने.

सर्वात महाग चूक

सगळ्यात मोठा तोटा मात्र सर्पदंशात होतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, म्हणजे आपलीच. साप चावला की अजूनही काही ठिकाणी माणसाला देवळात नेऊन बसवतात, भगत मंत्र घालतो. त्याचा गुण येतो असं का वाटतं? कारण बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्या दरवेळच्या चाव्यात विष उतरतंच असं नाही. तो माणूस तसाही वाचणारच होता. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं असेल आणि विष अंगात गेलं असेल, तर त्यावर प्रतिविषाची लसच लागते. मंत्रात गेलेला तास परत मिळत नाही.

राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप, कुत्रा वा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि दंडही आहे. पूजा, वारी, कीर्तन, हरिपाठ यांना या कायद्याने हात लावलेला नाही, हेही पोलीस पाटलांनी गावाला सांगावं.

ताळा काय निघतो?

दोन्ही पानं शेजारी ठेवा. पंढरपूर दोन्हीकडे आहे, बरं का! जिथे देऊळ बंद होतं, तिथेच गाडगेबाबांनी दलित वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती आंबेडकरांच्या संस्थेकडे सोपवली. राळेगणच्या पानावरही एक काळी नोंद आहे. ज्यांनी दारू सोडली नाही, त्यांना खांबाला बांधून मारण्यात आलं. चांगल्या कामातही देवळाचा धाक हातात आला की असं होतं.

म्हणजे रान एकच, पीक दोन तऱ्हेचं. जिथे देवाच्या नावाने सगळे एकत्र येऊन राबले आणि प्रश्न विचारायची मुभा राहिली, तिथे फायदा झाला. जिथे देवाचं नाव पुढे करून प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद केलं, तिथे तोटा.

कुणी म्हणेल, श्रद्धेचा कसला हिशोब मांडता? नापिकीच्या वर्षी हरिपाठ ऐकून मनाला जो आधार मिळतो, तो कुठल्या खात्यात धरणार? खरं आहे. तो आधार मोजता येत नाही आणि कुणी मोजूही नये. पण वर्गणी मोजता येते, कर्ज मोजता येतं आणि वेळेत दवाखान्यात न पोचलेली माणसंही मोजता येतात.

गावाने एवढं करावं

१) देवळाच्या फलकावर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा नंबर ठळक लिहावा. दंशाची जागा कापू नये, घट्ट आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावं. भगतालाच विश्वासात घ्या. त्याने 'आधी दवाखाना' म्हटलं, तर गाव ऐकेल.

२) यात्रेचा जमाखर्च यात्रेनंतर चावडीवर लावावा. वर्गणी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे असावी. न देणाऱ्याला वाळीत टाकणं हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

३) शिलकीतला काही भाग बंधारा, शाळा किंवा पाणवठ्यासाठी ठेवावा. देऊळ, पाणवठा आणि स्मशान सर्वांना सारखं खुलं असावं.

सरपंच, ग्रामसेवक आणि यात्रा कमिटीने मनावर घेतलं, तर यातल्या एकाही कामाला सरकारी मंजुरी लागत नाही. येत्या ग्रामसभेच्या नोटिशीत 'यात्रेचा हिशोब आणि सर्पदंशाची सोय' हा विषय घाला. पावसाळ्याच्या आत घातला तर उत्तम, कारण सापाचा हंगाम आणि पेरणीचा हंगाम एकदमच सुरू होतो.