टीव्ही बघून इंग्रजी बोलता येते का?



आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. येत्या जूनमध्ये आम्ही अकरा जण पाचवीसाठी मोठ्या गावच्या हायस्कुलात जाणार. तिथे इंग्रजी शाळेतून आलेली मुलेही असतात. माझा चुलतभाऊ मागच्या वर्षी तिकडे गेला. तो म्हणतो, "समोरच्याचं सगळं कळतं गं, पण तोंडातून शब्द फुटत नाही." म्हणून मी हा विषय घेतला.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. आपल्याला इंग्रजी कविता पाठ आहेत, स्पेलिंगही येतात. पण वाचणे वेगळे आणि बोलणे वेगळे. पुस्तकात ‘आय ॲम’ असे सुटे लिहितात. माणसे बोलताना ‘आय्‌म’ असे एका दमात म्हणतात. ‘डू नॉट’चे ‘डोन्ट’ होते. आपणसुद्धा लिहिताना ‘काय करीत आहेस’ असे लिहितो आणि बोलताना ‘काय करतोयस’ म्हणतो. तसेच हे आहे. असे बोलणे कानावर पडावे लागते. आपल्या गावात घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही. मग ऐकायचे कुठे? टीव्हीवर आणि सिनेमात.

सिनेमाचा दुसरा फायदा म्हणजे चित्र. ‘हिअर यू आर’ याचा एकेका शब्दाचा अर्थ लावला तर ‘इथे तू आहेस’ असे काहीतरी होते. पण सिनेमात हे म्हणताना माणूस दुसऱ्याच्या हातात चहाचा कप देतो. मग लगेच कळते, की त्याचा अर्थ ‘हे घे’ असा आहे.

तिसरा फायदा म्हणजे बोलणाऱ्याचे तोंड दिसते. इंग्रजीत दोन प्रकारचे ‘व’ आहेत. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘विंडो’ म्हणताना दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. घरी आरशात करून बघा. कार्टूनमध्ये हे नीट दिसत नाही, कारण त्यांचे तोंड नुसते उघडते आणि मिटते. त्यासाठी खरी माणसे असलेला सिनेमा बघावा.

आता काय बघावे ते सांगते. टॉम आणि जेरी सगळ्यांना आवडतात, पण ते दोघे बहुतेक वेळ बोलतच नाहीत! त्यांच्याकडून पळापळ शिकता येईल, बोलणे नाही. ‘पेपा पिग’ हे इंग्लंडमधले कार्टून २००४ साली सुरू झाले. त्याचा एक भाग पाचेक मिनिटांचाच असतो. आई, बाबा, धाकटा भाऊ, आजी-आजोबा, पाऊस आणि चिखल अशा घरच्याच गोष्टी त्यात असतात. वाक्ये लहान असतात. मारामारीच्या सिनेमात नुसती आरडाओरड असते आणि वाईट शब्दही असतात. ते उचलू नयेत.

कसे बघावे याचे एक खरे उदाहरण माझ्या ताईने सांगितले. दक्षिण कोरियात बीटीएस नावाचे गाणाऱ्या मुलांचे पथक आहे. त्याचा प्रमुख आरएम याने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवर सांगितले, की तो ‘फ्रेंड्स’ ही मालिका बघून इंग्रजी शिकला. त्याच्या आईने त्याला त्या मालिकेच्या डीव्हीडी आणून दिल्या होत्या. आधी त्याने खाली कोरियन अक्षरे लावून बघितले. मग इंग्रजी अक्षरे लावून बघितले. शेवटी अक्षरे काढून टाकली.

मी घरी असे करते. बाबा रानातून आले की त्यांचा मोबाईल मला अर्धा तास मिळतो.

१. पाच मिनिटांचा भाग आधी नुसता बघते. गोष्ट कळली की पुरे.
२. दुसऱ्यांदा खाली इंग्रजी अक्षरे लावून बघते. वाक्य झाले की थांबवते आणि मोठ्याने म्हणते.
३. तीनच वाक्ये वहीत लिहिते. उदाहरणार्थ ‘वेट अ मिनिट’, ‘इट्स माय टर्न’, ‘आर यू ओके?’
४. दुसऱ्या दिवशी तीच वाक्ये शाळेत वापरते. लगोरी खेळताना ‘इट्स माय टर्न’ खूप कामाला येते.

यातली चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. विहिरीच्या काठावर बसून दुसऱ्याला पोहताना कितीही बघितले तरी आपल्याला पोहता येत नाही. पाठीला डबा बांधून उडी मारावीच लागते. बघून कळते, पण बोलूनच बोलता येते.

मग आपण बोलत का नाही? कारण कोणीतरी हसते. २०१२ साली ‘इंग्लिश विंग्लिश’ नावाचा सिनेमा आला. तो गौरी शिंदे यांनी काढला आणि श्रीदेवीने त्यात काम केले. त्यातली शशी गोडबोले लाडू करून विकते. तिच्या इंग्रजीला घरचीच माणसे हसतात. पुढे ती अमेरिकेत बहिणीकडे जाते, चार आठवड्यांचा बोलण्याचा वर्ग लावते आणि रात्री घरी इंग्रजी सिनेमेही बघते. शेवटी लग्नघरात सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलते. मला वाटते, तिला वर्गातही शिकायला मिळाले आणि सिनेमातही. पण वर्गात तिला न हसणारी माणसे भेटली, हे जास्त मोठे झाले.

पालकांना विनंती आहे. टीव्ही लावला म्हणजे अभ्यास झाला असे नाही, आणि टीव्ही लावला म्हणजे पोर बिघडले असेही नाही. अर्धा तास आमच्याजवळ बसा. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. "हे काय म्हणाला गं?" एवढेच विचारा. सांगता सांगता आमचेच पक्के होते. माझी आजी रोज विचारते. आता ती मला पाणी देताना ‘हिअर यू आर’ म्हणते!

आणि मित्रमैत्रिणींनो, सोमवारपासून दुपारच्या सुट्टीत चिंचेखाली दहा मिनिटे इंग्रजी बोलायचे ठरले आहे. पहिली ते चौथी कोणीही या. आपापली तीन वाक्ये घेऊन या. नियम एकच, कोणी चुकलं तरी हसायचं नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी