क्रिकेट कार्डाची फ्रेम घरच्या घरी: कार्डाला धक्का न लावता

व्हिडिओत कृती पाहिलीत, इथे मापं आणि कारणं लिहून देतो.

नव्वदच्या दशकात बिग फन बबलगमसोबत खेळाडूंची कार्डं मिळायची, आठवतंय? ती जपून ठेवलेली मंडळी बारामती-इंदापूरकडेही सापडतील. असं कार्ड कुणी फ्रेमसाठी तुमच्या हातात दिलं, तर ते खराब झाल्यावर पैसे परत देऊन भागत नाही. दुसरं कुठून आणणार?

आधी काय करायचं नाही

लॅमिनेशन नाही. उष्णतेने चिकटलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि संग्राहकाच्या लेखी कार्डाची किंमत पडते. फेविकॉल, सेलोटेप, डबल टेप यांपैकी काहीही कार्डाला लावू नका. एमआयडीसीतून आलेल्या खोक्याचा पुठ्ठा फुकट मिळतो म्हणून मागे लावू नका. त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो.

आता कृती

1. हात धुऊन कोरडे करा. कार्ड कडेने धरा.
2. कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ स्लीव्हमध्ये घाला. पीव्हीसीचं पाकीट टाळा.
3. मापं घ्या. आजचं प्रमाणित कार्ड 63.5 × 88.9 मिमी असतं, जुनी वेगळी असू शकतात.
4. अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्डवर चार पारदर्शक फोटो कॉर्नर चिकटवा. गोंद बोर्डला, कार्डाला नाही. स्लीव्हसकट कार्ड त्यांत अडकवा.
5. वरच्या माउंटला चारही बाजूंनी 6 मिमी मोकळी राहील अशी खिडकी कापा, म्हणजे साधारण 75 × 101 मिमी. माउंटचे दोन थर घ्या. काच कार्डाला टेकली, तर पावसाळ्यात ओल धरून कार्ड चिकटतं.
6. शक्य असेल तर यूव्ही रोखणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक वापरा. तरीही फ्रेम उन्हात नको. सही असलेल्या कार्डाची तर जास्तच काळजी घ्या, सहीची शाई लवकर उडते.
7. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, भिंतीशी हवा खेळती राहते. ओल येणारी भिंत टाळा.

धंद्याचं गणित

कार्ड ताब्यात घेतानाच ग्राहकासमोर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. दुमडलेला कोपरा, डाग, जे असेल ते पावतीवर लिहून सही घ्या. नंतरचा वाद तिथेच मिटतो. दर ठरवताना सामान, वाया जाणारा बोर्ड आणि तुमचा वेळ, तिन्ही धरा. वेळ फुकट धरला की धंदा तोट्यात जातो.

आणि पहिला हात ग्राहकाच्या कार्डावर नको बरं का! पत्त्याच्या कॅटमधलं एक पान घ्या, त्यावर अख्खी फ्रेम करा, मग उघडून पान जसंच्या तसं बाहेर काढा. निघालं? मग तुम्ही ऑर्डर घ्यायला तयार!